जावयाचं बिल

पोतनिसांच्या घरी विमानाचं बिल आलं की सुलभाताई ते आधी देवापुढे ठेवत. त्यात भक्तीचा भाग थोडाच होता. दिलीपरावांना रक्तदाबाचा त्रास होता, आणि देवघरात बसून, हात जोडून, डोळे मिटून झाल्यावरच तो आकडा त्यांच्या नजरेला पडावा, एवढीच त्यामागची सोय होती. या खेपेला दिलीपराव देवघरातून बाहेर आले ते भिंतीला धरून.

"किती?" अनारशाचं पीठ मळता मळता सुलभाताईंनी विचारलं.

"साडेसहा," दिलीपराव म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "लाख."

"मागच्या वर्षी अडीचच होते ना?"

"मागच्या वर्षी सिलिंडर नव्हता बदलायचा. या वर्षी सिलिंडर आहे, नवीन मॅग्नेटो आहे, अजून काय काय आहे. खाली शैलेंद्ररावांची सही आहे."

सही शैलेंद्ररावांची म्हटल्यावर पुढे बोलायचं काही उरलं नाही. शैलेंद्रराव म्हणजे घरचे जावई. विमानांचे परवानाधारक इंजिनीअर. दिलीपरावांच्या वडिलांनी, बापूंनी, बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या लिलावात घेतलेलं दोन माणसांचं विमान गावाबाहेर दताण्याच्या हवाई पट्टीवर उभं असायचं, ते दुरुस्त करायला म्हणून हा मुलगा आला आणि विमानाबरोबर घरच्या लेकीला, ऋचालाही घेऊन गेला. आता ऋचा त्याच पट्टीवर मुलांना उडायला शिकवत होती, विमान तिथल्या शाळेला तासाच्या भाड्यानं जात होतं, आणि शैलेंद्ररावांनी सही केल्याशिवाय ते जमिनीवरून हलत नव्हतं. सध्या हलत नव्हतंच. वार्षिक तपासणीत त्यांनी ते उभं करून ठेवलं होतं.

ज्यांच्या पूर्वजांच्या कमरेला शिंदे संस्थानाच्या खजिन्याच्या चाव्या असायच्या, त्या पोतनिसांना एक बिल विचारता येऊ नये, हे ऐकणाऱ्याला गमतीचं वाटेल. पण या घरात एक नियम होता: जावयाला हिशेब विचारायचा नाही. नियम बापूंमुळे आला होता, आणि तो मोडूनच आला होता. सिंहस्थाच्या वर्षीच्या अधिक मासात, वाणाच्या पंगतीत, बापूंनी आपल्या जावयाला, म्हणजे शोभावन्संच्या वसंतरावांना विचारलं होतं, "ते कलकत्त्याहून विमानाचे टायर आणलेत, त्याची पावती कुठंय?" वसंतराव पुरीचा घास खाली ठेवून पानावरून उठले. आठ दिवसांनी पावती पोस्टानं आली, पैशापैशाला बरोबर. वसंतराव आले नाहीत, शोभावन्संही आल्या नाहीत. त्यानंतर एक सिंहस्थ येऊन गेला, दुसरा दोन वर्षांवर आला, बापू गेले. त्यांचं सासर नीमचला, आणि नीमच काही विलायत नाही, पण नणंदेचं माहेर त्या एका पावतीपायी सुटलं ते सुटलंच.

सुलभाताईंना विमानाचं काही पडलेलं नव्हतं. त्या जन्मात त्यात बसल्या नव्हत्या आणि बसणारही नव्हत्या. त्यांना पडलं होतं ते एवढंच, की रविवारी वाणाला लेक-जावई येणार, आणि जेवून, हसत, परत यायला म्हणून जाणार. ऋचाची शोभा होऊ द्यायची नाही.

"मी काय म्हणते," त्या म्हणाल्या, "बिल देऊन टाका."

"कुठून देऊ? निम्मं जयंतनं द्यायचं आहे. त्याला पाठवलंय."

"अहो! त्यांना कशाला पाठवलंत?"

"अगं, निम्मं विमान त्याचं आहे!"

तेवढ्यात फोन वाजलाच. जयंतभावजी इंदूरला राहत आणि बँकेत तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. म्हणजे बँकेनं त्यांना निवृत्त केलं होतं, ते स्वतः अजून झाले नव्हते. "वहिनी, रविवारी येतोय," ते म्हणाले. आवाज इतका गोड होता की सुलभाताईंना तिथंच शंका यायला हवी होती. "बरोबर बँकेतले एक जुने मित्र आहेत, दुबेजी. चालतील ना?"

"अधिकात एक पान वाढलं तर पुण्यच की," सुलभाताई म्हणाल्या.

रविवारी त्या पहाटेच उठल्या, पुरुषोत्तम सागर तलावावर अधिकाचे मालपुवे वाहून आल्या, आणि जावयाच्या वाणाचे तेहतीस अनारसे चांदीच्या ताटात रचले. एकही हसला नव्हता. जाळी अशी पडली होती की शेजारच्या शर्माभाभी मुद्दाम बघायला येऊन गेल्या. ज्येष्ठातलं ऊन फ्रीगंज भागातल्या गच्च्यांवर तापत होतं आणि कूलर घरघरत होता.

शैलेंद्रराव आले ते आधी कूलरपाशी थांबले. माणूस अंगानं भरलेला, आवाजानं त्याहून. कोणाच्याही घरी गेले की त्यांना तिथलं बिघडलेलं काहीतरी ऐकू यायचंच. "आई, याचं बेअरिंग गेलंय. दोन महिने आवाज करतोय ना? सांगायचं नाही का? पेचकस द्या, स्क्रू काढून बघतो."

"राहू द्या हो, आज सणाचं! आधी हात-पाय धुवा."

"बाबा, कसे आहात?" त्यांनी दिलीपरावांना विचारलं.

दिलीपरावांनी हात जोडले. गेली पंधरा वर्षं ते जावयाला हेच उत्तर देत आले होते.

शैलेंद्रराव मागच्या मोरीवर हात धुवायला गेले. त्यांचं हात धुणं म्हणजे तीनदा साबण लावायचं काम, आणि इतकं करूनही नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. सुलभाताईंना ती नखं चांगली माहीत होती. म्हणूनच, जयंतभावजींबरोबर आलेल्या दुबेजींच्या हातात पन्ह्याचा पेला देताना त्या थबकल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाची नखं तशीच्या तशी होती.

"भावजी," त्या म्हणाल्या, "जरा स्वयंपाकघरात या. श्रीखंडाचं पातेलं जड आहे."

पातेलं मुळीच जड नव्हतं. दार लोटून त्यांनी विचारलं, "हे कोणत्या ब्रँचचे?"

जयंतभावजींनी चष्मा पुसला. "वहिनी, तुमच्यापासून काय लपवायचं. ते बँकेचे नाहीत. भोपाळचे विमानांचे इंजिनीअर आहेत. सकाळी त्यांना दताण्याला नेऊन विमान दाखवून आणलं. मालक म्हणून मला हक्क आहे."

"देवा! आणि आज पंगतीला घेऊन आलात?"

"मग काय बाहेर गाडीत बसवू? भला माणूस आहे. मला फक्त कळायला पाहिजे की शैलेंद्र भरोशाचा आहे की नाही. वहिनी, त्याची बायको त्या विमानात रोज बसते. आपल्या पैशानं तो सोन्याचे बोल्ट लावून राहिला असेल!"

"ती बायको माझी मुलगी आहे."

"तेच तर! म्हणून कोणी विचारत नाही."

सुलभाताईंनी झारा उचलला. मारायला नव्हे, पुऱ्या काढायला. पण जयंतभावजी एक पाऊल मागे सरले. "हे बघा," त्या म्हणाल्या, "जेवण होईपर्यंत एक शब्द काढायचा नाही. शोभावन्संच्या वेळी काय झालं ते तुम्ही पानावर बसून पाहिलंय. माझी मुलगी त्या दारातून रडत गेली ना, तर तुमचं अर्धं विमान घेऊन इंदूरला जा, पुन्हा इकडे येऊ नका."

"शप्पथ. दुबेजी जेवण झाल्यावर मला हळूच सांगतील. शैलेंद्रला पत्ताही लागणार नाही."

हे षड्यंत्र रचताना बँकेच्या तपासनिसाच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. सबंध माळव्यात विमानं दुरुस्त करणारी माणसं मोजकीच, आणि ती एकमेकांना ओळखतात.

पानं मांडून झाली. दिलीपराव, जयंतभावजी आणि दुबेजी बसले. मधल्या पाटासमोर रांगोळी, समई आणि चांदीचं ताट. दुबेजींनी भूक लागली होती म्हणून असेल किंवा बोलावं लागू नये म्हणून असेल, सगळ्यांच्या आधी पुरीचा घास तोंडात घातला. तेवढ्यात शैलेंद्रराव पंच्याला हात पुसत आत आले.

"अरे!" त्यांचा आवाज घरभर घुमला. "दुबे सर! आप यहाँ?"

दुबेजींचा घास गालातच राहिला.

"माझे बँकेतले मित्र आहेत," जयंतभावजी घाईघाईनं म्हणाले.

"बँक?" शैलेंद्ररावांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा दुबेजींकडे. "सर, आप बैंक में कब चले गए?"

दुबेजींना खोटं बोलायची सवय नसावी. त्यांनी घास गिळला, पानाकडे बघत सांगितलं, "आज ही. आज ही जॉइन किया है, बेटा."

ऋचाला हसू आलं, पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते तिनं तसंच दाबलं. शैलेंद्रराव पाटावर बसले होते. सुलभाताईंनी त्यांना पटकन ओवाळून घेतलं. जावयानं एक घास घेतला. मग बोलले, अगदी हळू आवाजात, आणि तो हळू आवाजच फार वाईट होता. "काका, यांना पट्टीवर नेलं होतंत ना? चौकीदाराचा फोन आला होता. मी म्हटलं, मालक आहेत, बघू देत."

जयंतभावजींनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. दिलीपरावांनी, आयुष्यभराच्या सवयीनं, हात जोडले.

आणि शैलेंद्रराव पानावरून उठले.

सुलभाताईंना सिंहस्थाच्या वर्षीची पंगत दिसली. तोच दिवस, तेच ताट, तसंच उष्टं श्रीखंड पानावर. शैलेंद्रराव दारातून बाहेर पडले, आणि ऋचा म्हणाली, "आई, काय केलंत तुम्ही लोकांनी?" वसंतराव उठले होते तेव्हा सुलभाताई सासऱ्यांपुढची सून होत्या, पदर सावरून भिंतीशी उभ्या राहिल्या होत्या. आता त्या भिंतीशी उभ्या राहणार नव्हत्या. हातातला वाढायचा डाव तसाच घेऊन त्या अंगणात धावल्या, अनवाणी, भर दुपारच्या तापल्या फरशीवर.

"शैलेंद्र! थांब!"

पंधरा वर्षांत त्यांनी जावयाला नुसत्या नावानं कधी हाक मारली नव्हती. शैलेंद्रराव गाडीच्या डिकीत वाकले होते. त्यांनी वळून पाहिलं. "आई, पाय भाजतील. आत चला."

"तू जाऊ नकोस. त्यांच्या वतीनं मी सांगते, चुकलं आमचं. पाहिजे तर जयंतभावजींना मी आत्ता इंदूरला पाठवते, पण तू पानावरून उठून जाऊ नकोस रे बाबा!"

"मी कुठे जातोय?" शैलेंद्रराव म्हणाले. "मी डबा घ्यायला आलोय."

डिकीत पत्र्याचा एक मोठा डबा होता, तेलाच्या डागांनी काळवंडलेला, वर रंगानं 'पोतनीस' लिहिलेला. "यात सगळे जुने पार्ट आहेत. गेल्या कित्येक वर्षांचे. जो काढला तो टाकला नाही. मालकाला दाखवायचा असतो, तसा कायदाच आहे माझा. दर खेपेला आणतो. दर खेपेला वाटतं, आज तरी कोणी म्हणेल, शैलेंद्र, काय बदललं ते दाखव. कोणी म्हणत नाही. मग परत नेतो." त्यांनी डबा उचलला. "दुसरीकडे माझ्यावर खेकसणारे मालक आहेत, आई. भांडतात, घासाघीस करतात, पण विचारतात. इथं नुसतं श्रीखंड."

सुलभाताईंना त्या उन्हात एकदम रडू आलं आणि त्याच वेळी रागही आला. पंधरा वर्षं त्यांनी या माणसाच्या रागाला भिऊन दिवस काढले होते, आणि हा डब्यात लोखंड भरून हिंडत होता. "मग तू तरी तोंड का नाही उघडलंस?"

"जावई माणूस. आपण होऊन काय सांगणार, बघा मी किती इमानदार?"

सुलभाताई तळपाय उचलत उचलत घरात आल्या आणि मागोमाग डबा आला.

वाणाच्या ताटाशेजारी तेलकट लोखंड मांडायला सुलभाताईंनी आधी साफ नकार दिला, मग जुना पेपर अंथरला. पुढचा तासभर पोतनिसांच्या पंगतीत जे चाललं ते बापूंनी बघितलं असतं तर त्यांनी पुन्हा एकदा प्राण सोडला असता. एका हातात पुरी, दुसऱ्या हातात जुना पार्ट. जयंतभावजींनी खिशातून प्रश्न लिहिलेला कागद काढला आणि बँकेतल्या आवाजात एकेक विचारू लागले. शैलेंद्रराव प्रत्येक प्रश्नाला खूश होत होते. "हा पाइप का बदलला? घ्या, वाकवून बघा. चीर दिसली? और पूछो, काका! और पूछो!"

"सिलिंडर," जयंतभावजी म्हणाले. "सगळ्यात मोठी रक्कम."

शैलेंद्ररावांनी दुबेजींकडे पाहिलं. "सर, आपने तो सुबह देखा है."

दुबेजी आता मोकळे झाले होते आणि तिसरा अनारसा खात होते, तोही वाणाच्या ताटातला. "पंखा हाथ से घुमाया था. तीन सिलिंडर ठीक. चौथे में फुस्स. हवा निकल जाती है. लड़का सही कह रहा है."

"फुस्स म्हणजे काय?" दिलीपरावांनी विचारलं. त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला प्रश्न. सगळे त्यांच्याकडे बघू लागले, तसे ते लाजले.

शैलेंद्ररावांनी टॅबलेटवर फोटो उघडला. बारीक कॅमेरा सिलिंडरच्या आत घालून काढलेला. जळका वायू बाहेर सोडायचं गोल झाकण, त्याला व्हॉल्व्ह म्हणतात, एवढं त्यांनी सांगितलं. एक फोटो चांगल्या सिलिंडरचा, एक खराब. जयंतभावजींनी दोन्ही निरखून पाहिले आणि म्हणाले, "मला तर दोन्ही सारखेच दिसून राहिले."

"बघू," सुलभाताई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला. दोन तांबूस चकत्या. एक सगळीकडून सारखी, मध्ये गडद आणि कडेला फिकी. दुसरीच्या एका कडेला मात्र चंद्रकोरीसारखा डाग. "हा एकाच बाजूनं करपलाय. कढई तिरकी असली की अनारसा असाच होतो. तूप एका अंगाला जातं. हा नीट बसत नाहीये ना जागेवर?"

दुबेजींनी खाणं थांबवलं. "माताजी ने पकड़ लिया."

"मग असाच तळत राहिला तर?" सुलभाताईंनी विचारलं.

"एक दिवस तुकडा पडतो," शैलेंद्रराव म्हणाले. "वर असताना."

वर म्हणजे ऋचा त्यात असताना. सुलभाताईंनी टॅबलेट खाली ठेवला आणि लेकीच्या पानात आणखी एक पुरी टाकली. तिनं नको म्हणून हात आडवा धरलेला असतानाही टाकली.

"ठीक आहे. सिलिंडर मंजूर," जयंतभावजी म्हणाले, जणू कर्जच मंजूर करत होते. "मॅग्नेटो?"

इथं दुबेजी खाकरले. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारं यंत्र, ते जुनं झालं होतं हे खरं. "लेकिन बेटा, नया क्यों? खोलकर ठीक हो जाता. आधे से कम में."

जयंतभावजी पाटावर ताठ झाले. "बघा! मी पहिलेच म्हणत होतो!"

"एक मिनिट," शैलेंद्रराव म्हणाले. त्यांनी फोन काढला आणि मोठ्यानं वाचू लागले. "'बाबा, मॅग्नेटो नवा घ्यायचा की जुना उघडून दुरुस्त करायचा? दुरुस्ती अर्ध्याहून स्वस्त, पण महिना लागेल. सांगा.' हा माझा मेसेज. त्यावर बाबांचं उत्तर: जोडलेले हात. चार दिवसांनी मी पुन्हा: 'बाबा, काय करू?' उत्तर: जोडलेले हात आणि कमळाचं फूल. मग काकांना पाठवलं. काकांचं उत्तर: गणपतीचा फोटो, 'सुप्रभात'."

सगळ्यांची नजर दिलीपरावांवर गेली.

"मी मान राखत होतो," दिलीपराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका प्रामाणिक होता की कोणाला हसवेना. "जावयाला काय सांगायचं, असं कर, तसं कर? म्हणून हात जोडले. वाटलं, समजून घेतील."

"काय समजू, बाबा? हात जोडले म्हणजे हो की नाही? नवा की जुना? मला वाटलं, यांना पैशाचा विषयच नकोय." शैलेंद्ररावांनी मान खाली घातली. "आणि खरं सांगायचं तर, ऋचा बसते त्यात. कोणी काही म्हणेना, मग मी महागातलं घेतलं. तेवढं माझं चुकलं."

"म्हणजे सोन्याचे बोल्ट!" जयंतभावजी म्हणाले, पण आता त्यात जोर नव्हता.

"माझ्या मुलीसाठी घेतलं तर काय बिघडलं?" सुलभाताई कडाडल्या. एकदम पक्ष बदलला होता, हे त्यांना स्वतःलाही कळलं.

"आई," ऋचा म्हणाली, "मी इतकी वर्षं दुरुस्त केलेल्या मॅग्नेटोवरच उडतेय. मला कोणी विचारलं का? मी सांगितलं असतं. सगळे माझी काळजी करतात आणि माझ्याशीच बोलत नाहीत." मग नवऱ्याकडे वळून, "तूसुद्धा."

शैलेंद्ररावांनी कान पकडला. नव्या मॅग्नेटोचं खोकं अजून फोडलेलं नव्हतं. दुबेजींच्या ओळखीचं एक गिऱ्हाईक भोपाळला होतं, त्याला ते हवंच होतं. जुनं उघडायचं ठरलं. बिल बरंच खाली आलं, आणि जयंतभावजींनी कबूल केलं की उरलेलं बिल रास्त आहे. हे कबूल करताना त्यांना जो त्रास झाला तो पाहून सुलभाताईंना फार समाधान वाटलं. यापुढे काम काढण्याआधी शैलेंद्रनं सांगायचं आणि घरच्यांनी सरळ शब्दांत उत्तर द्यायचं, फुलं पाठवायची नाहीत, असं दिलीपरावांकडून वदवून घेतलं गेलं.

विडे झाले. दुबेजी कूलरसमोर आडवे झाले आणि बेअरिंग बदलायलाच पाहिजे असं झोपेत जाता जाता म्हणाले. सुलभाताई वाणाचं ताट बांधायला बसल्या. उरलेले अनारसे स्टीलच्या डब्यात घातले, ताट पुसून बाजूला ठेवलं. तेवढ्यात मागून जावयाचा आवाज आला.

"आई, विचारायचं असं ठरलंच आहे, तर मीही एक विचारू?"

"विचार की."

"अधिकाचं वाण ताटासकट द्यायचं असतं ना? माझी आई तरी तसंच म्हणते. दर अधिकात मला हे चांदीचं ताट मिळतं. दर अधिकात तुम्ही 'घासून ठेवते' म्हणता, आणि ते घरी येतच नाही. माझी तक्रार नाही. पण माझी आई विचारते, तिला मी काय सांगू?"

दिलीपराव झोपेचं सोंग घेऊन खुर्चीत मागे रेलले. ऋचाच्या तोंडून "शैलेंद्र!" एवढंच निघालं. सुलभाताईंचे कान तापले. जावयानं ताट मागितलं! आणि मग त्यांना वाटलं, बरं झालं मागितलं. इतकी वर्षं याच्या मनात तो डबा होता आणि याच्या आईच्या मनात हे ताट.

"ते माझं नाही रे द्यायला," त्या म्हणाल्या. "शोभावन्संचं आहे. वसंतराव उठून गेले, तेव्हा त्यांच्या वाणाचं ताट इथंच राहिलं. दुसरं चांदीचं घ्यायची ऐपत झाली नाही. रिकाम्या हातानं तुला ओवाळवेना, आणि त्यांचं ताट दुसऱ्याला देऊनही टाकवेना. म्हणून तुझ्यापुढे मांडायचं आणि परत ठेवून द्यायचं."

शैलेंद्रनं ताट उचललं, उलटं केलं, कड तपासली. काहीही हातात आलं की तो उलटं करून बघायचाच. "मग ज्याचं त्याला द्या ना."

"कसं देऊ? कुरियरनं? पावती पोस्टानं आली होती, तसं?"

जयंतभावजी खिडकीबाहेर बघत होते. त्या दिवशी ते पानावर होते, घरात धाकटे होते, आणि गप्प बसले होते. "मी येतो बरोबर," ते म्हणाले. "ताई मला तरी दार उघडेल."

"विमानानं जाऊ, पण त्यात दोघंच बसतात, काका," ऋचा म्हणाली. "तुम्ही गाडीनं पुढे जा. नीमचला पट्टी आहे. सिलिंडर बसला की तासाभराचा रस्ता. मी उडवते. आईनं ताट मांडीवर घेऊन बसायचं."

सगळे सुलभाताईंकडे बघू लागले. त्या विमानानं घरातले पैसे खाल्ले होते, नणंद नेली होती, जावई आणला होता, आणि त्या अजून त्याच्या पायरीवरही चढल्या नव्हत्या. त्यांना भीती वाटत होती. विमानाची वाटत होती आणि शोभावन्संच्या दाराची त्याहून जास्त. त्यांनी ताट जावयाच्या हातातून घेतलं आणि पदरानं पुन्हा एकदा पुसलं.

"बसेन," त्या म्हणाल्या. "पण तो करपलेला व्हॉल्व्ह आधी माझ्या हातात आणून द्यायचा. मी उलटसुलट करून बघणार. नवा कसा बसलाय त्याचा फोटो दाखवायचा. समजलं नाही तर पुन्हा विचारणार. आणि मग तू मला सांगायचंस, की आई, बसा. सांगशील?"

शैलेंद्रनं हात जोडले.

"हात नको जोडूस," सुलभाताई म्हणाल्या. "हो की नाही, ते सांग."